लस फ्लूची, ताप डेंगीचा: कराड तालुक्यातील एका स्वयंसेवकाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात, कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातील एका गावात घडले. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी बनवलेल्या फ्लूच्या नव्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी तेथे सुरू होती, आणि ज्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली ती चालली होती त्याच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे स्वयंसेवकांच्या हिताची राखण करणाऱ्या समितीवर, मी सामान्य नागरिक सदस्य आहे. गाव, रुग्णालय, लस बनवणारी कंपनी आणि संबंधित माणसे यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. स्वयंसेवकाला घरात आणि भावकीत सगळे आबा म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

आबांचे वय 66, शिक्षण सातवीपर्यंत, शेती दीड एकर उसाची, घरात पत्नी, सून आणि दहावीतली नात. मुलगा भोसरीत एका कारखान्यात नोकरीला आहे. आबांना रक्तदाबाची गोळी चालू असली तरी रक्तदाब आटोक्यात होता, त्यामुळे चाचणीत भाग घेण्यास वैद्यकीय अडचण नव्हती. प्रकरणाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: लस टोचल्यानंतर अकराव्या दिवशी आबांना ताप आला, पुढे रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि चाचणी पथकाला त्याची खबर तीन दिवस उशिरा लागली. स्वयंसेवकाची संमती किती नीट घेतली, हे आम्ही कमिटीत नेहमी कागदांवरून तपासतो. पण माणूस आजारी पडतो तेव्हा त्या सहीला कोण जागते, यावरच संमतीची खरी किंमत ठरते, असे माझे या प्रकरणानंतरचे ठाम मत आहे.

चाचणी कशासाठी होती

वय वाढते तशी प्रतिकारशक्ती मंदावते. त्यामुळे फ्लूची नेहमीची लस साठी ओलांडलेल्यांच्या शरीरात तरुणांइतकी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिने, तयार करत नाही, आणि फ्लू बळावून न्यूमोनिया होण्याचा, त्यात दगावण्याचा धोका मात्र याच वयात अधिक असतो. यावर आजवर दोन मार्ग चोखाळले गेले आहेत. एका मार्गात प्रत्येक विषाणूप्रकारामागे नेहमीच्या 15 मायक्रोग्रॅमऐवजी 60 मायक्रोग्रॅम प्रतिजन (प्रतिकारशक्तीला ओळख पटवणारा विषाणूचा अंश) देतात. दुसऱ्यात प्रतिजनाचे प्रमाण तेच ठेवून प्रतिकारशक्तीला चेतवणारे सहायक द्रव्य लसीत मिसळतात. येथील लस दुसऱ्या प्रकारची, निष्क्रिय केलेल्या विषाणूंपासून बनवलेली होती. तुलनेच्या गटाला मिठाचे पाणी टोचण्याऐवजी बाजारात परवाना असलेली नेहमीची फ्लूची लस दिली जाणार होती. उपलब्ध लस बाजूला ठेवून वृद्ध माणसांना पावसाळ्याच्या तोंडावर नुसते पाणी टोचणे कमिटीला मान्य झाले नसते.

पावसाळ्याचा संदर्भ महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात फ्लूचे रुग्ण प्रामुख्याने पावसाळ्यात वाढतात आणि लस घेतल्यावर पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून टोचणी मृगाच्या आसपास उरकण्याची घाई होती. विषाणू सतत रूप बदलत असल्याने लसीत कोणते प्रकार घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. त्यासाठी जगभरातून गोळा होणाऱ्या नमुन्यांच्या जाळ्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थाही आहे. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ती धास्ती कराड-साताऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या मनात अजून ताजी आहे, आणि स्वयंसेवक पुढे येण्यामागे तिचाही वाटा होता.

लस परिणामकारक आहे की नाही हे येथे रक्तातील प्रतिपिंडांवरून ठरणार होते. टोचणीपूर्वी एकदा आणि त्यानंतर 28 दिवसांनी एकदा रक्त घ्यायचे, प्रतिपिंडांचे प्रमाण किमान चौपट वाढले का आणि ते 1:40 या पातळीच्या (म्हणजे रक्तद्रव 40 पट पातळ केल्यावरही प्रतिपिंडांचा परिणाम दिसतो त्या पातळीच्या) वर गेले का, हे पाहायचे. ही पातळी साधारण निम्म्या लोकांना संरक्षण देणारी मानली जाते. म्हणजेच दुसरे रक्त मिळाले नाही, तर मुख्य प्रश्नापुरते पहिल्या रक्ताचेही काम उरत नाही. आबांच्या निर्णयाकडे येताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

दूध सोसायटीच्या कचेरीत

माहिती देण्यासाठीची पहिली सभा गावच्या दूध सोसायटीच्या कचेरीत, सकाळचे दूध संकलन संपता संपता झाली. गावकरी आयते जमलेले असतात, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. सोसायटीच्या चेअरमननी प्रास्ताविक केले, डॉक्टर मंडळी आपल्या भल्यासाठी आली आहेत असे सांगितले, आणि मग रुग्णालयाच्या समन्वयकाने माहिती दिली. चेअरमन सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांचा यात काडीचाही स्वार्थ नव्हता. पण ज्या माणसाकडून पशुखाद्य उधारीवर मिळते आणि अडीनडीला ज्याच्या शिफारशीने उचल मिळते, त्याच्यासमोर त्याच्याच कचेरीत "मला जमणार नाही" असे म्हणणे गावात सोपे नसते. आबांनी नंतर आमच्यापुढे हे आडपडदा न ठेवता सांगितले: "चेअरमनचा शब्द मोडवंना. पण सही केली ती माझ्या राजीखुशीनं."

दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती, असे मी मानतो. सही त्या दिवशी घेतलेली नव्हती. मराठीतील माहितीपत्रक घरी देऊन चार दिवस विचारासाठी ठेवले होते. ते नातीने आजोबांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यानंतर रुग्णालयात मुख्य संशोधक डॉक्टरांनी आबांशी स्वतंत्रपणे बोलून सही घेतली आणि तिची प्रत त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी त्यांना विचारलेले प्रश्न आणि आबांनी विचारलेले प्रश्न नोंदवहीत आहेत. आबांचा पहिलाच प्रश्न होता, "मला काय झालं तर बघणार कोण?" कोणती लस मिळणार हे त्यांनी नंतर विचारले. ते चिठ्ठी टाकल्यासारखे संगणक ठरवील आणि चाचणी संपेपर्यंत तुम्हालाही कळणार नाही, मलाही कळणार नाही, हे डॉक्टरांचे उत्तर त्यांनी मान्य केले.

कमिटीतील एका ज्येष्ठ सदस्यांना मात्र सोसायटीच्या कचेरीची जागा खटकली, आणि ती खटकायलाच हवी होती. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, प्रकल्प एप्रिल 2010 मध्ये थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तेथील प्रकार कितीतरी गंभीर होता आणि त्याची येथे बरोबरी होत नाही. तरी ज्याच्या हाताखाली माणूस आहे किंवा ज्याच्या उपकारात आहे, त्याच्या साक्षीने नकार देणे अवघड होते, ही अडचण दोन्हीकडे सारखीच आहे.

आणखी एक गोष्ट गावात पसरली, ती संमतिपत्रातील एका रकान्यामुळे. नियमाप्रमाणे त्यात स्वयंसेवकाचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव लिहावे लागते. आबांनी पत्नीचे नाव लिहिले. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची यासाठी तो रकाना आहे. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, 2019 मध्ये भरपाईचे सूत्र दिलेले आहे. त्याचा पाया 8 लाख रुपये असून वय आणि आधीच्या आजारांची जोखीम यांच्या गुणकांनी ती ठरते, म्हणजे 65 वर्षांवरील पूर्ण निरोगी स्वयंसेवकाच्या बाबतीत ती 32 लाखांपर्यंत जाते. हे कोणी समजावून सांगितले नव्हते. परिणामी काहींनी हा फुकटचा विमा आहे असे समजून उत्साह दाखवला, तर काहींनी "मरणाचे पैसे आधीच लिहून घेतात" असे म्हणून धसका घेतला.

अकरावा दिवस

टोचणीच्या दिवशी सर्व काही रीतसर झाले. अंड्याची तीव्र अॅलर्जी, अलीकडे घेतलेली दुसरी लस, ताप हे सगळे विचारून, रक्तदाब मोजून, रक्ताची नळी भरून घेऊन डाव्या दंडात लस टोचली. अर्धा तास बसवून ठेवले. एसटीचे भाडे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे, जेवढे कमिटीने मंजूर केले होते तेवढे, दिले. सोबत थर्मामीटर, लाली आणि सूज मोजण्यासाठी पारदर्शक पट्टी, आणि सात दिवसांचे नोंदपत्रक. ते नोंदपत्रक मी पाहिले आहे. नातीच्या शाळकरी, टपोऱ्या अक्षरात पहिल्या दिवशी "दंड दुखतो, थोडा", दुसऱ्या दिवशी "दंड दुखतो, पण वैरण कापली", आणि तिसऱ्या दिवसापासून सलग "काही नाही" असे लिहिलेले आहे. रोजचे तापमान दोन वेळा. इतके प्रामाणिक नोंदपत्रक पुष्कळ शिकलेल्या घरांतूनही येत नाही.

सातव्या दिवसापर्यंत पथकाचा फोन रोज येत होता. आठव्या दिवसापासून तो बंद झाला, कारण चाचणीच्या आराखड्यात पुढचा संपर्क थेट 28व्या दिवशी होता. मधल्या काळात काही झाले तर स्वयंसेवकाने स्वतः फोन करायचा, असे माहितीपत्रकात आणि सोबतच्या ओळखपत्रावर छापलेले होते. ते ओळखपत्र सुनेने हरवू नये म्हणून सातबारा आणि रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवले.

अकराव्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकू लागले, डोळ्यांच्या मागे कळा येऊ लागल्या. आबा नेहमीप्रमाणे गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तापाची गोळी आणि दुखण्यावरचे इंजेक्शन दिले. लसीचा विषय तेथे निघालाच नाही. नोंदपत्रक पूर्ण झाले, म्हणजे लसीचे काम संपले, अशीच आबांची समजूत होती. तेराव्या दिवशी अंगात त्राण उरले नाही म्हणून कराडच्या एका खासगी रुग्णालयात दाखल केले. प्लेटलेट घसरलेल्या होत्या आणि डेंगीची एनएस1 चाचणी त्याच दिवशी पॉझिटिव्ह आली. डिपॉझिट आधी भरावे लागले. उसाचे बिल अजून जमा झाले नव्हते, तेव्हा सुनेने शेजाऱ्यांकडून हातउसने आणून ते भरले. चौदाव्या दिवशी मुलगा भोसरीहून आला, त्याने पेटी उघडून कागद पाहिले आणि ओळखपत्रावरच्या क्रमांकावर फोन लावला. त्याचे पहिले वाक्य होते, "माझ्या बापाला तुमची लस बाधली आहे."

येथे एक वैद्यकीय गोष्ट नोंदवली पाहिजे. डेंगीचा संशय असताना दुखण्यावरची अनेक इंजेक्शने टाळायची असतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप आला त्याच संध्याकाळी पथकाला फोन गेला असता, तर रक्ततपासणी दोन दिवस आधी झाली असती आणि ते इंजेक्शन बहुधा टळले असते. आबांना त्याचा अपाय झाला नाही. पण आठव्यापासून 28व्या दिवसापर्यंतची ही पोकळी आराखड्यात आम्हीच मंजूर केलेली होती.

कमिटीपुढील तीन प्रश्न

रुग्णालयात दाखल व्हावे लागले की कारण कोणतेही असो, ती घटना गंभीर प्रतिकूल घटना ठरते. मुख्य संशोधकाने ती घडल्यापासून 24 तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक कंपनी आणि एथिक्स कमिटी यांना कळवायची असते, आणि उशीर झाल्यास त्याचे कारण लेखी द्यावे लागते. येथे घड्याळ आबांना दाखल केले तेव्हाच सुरू झाले होते. डॉक्टरांनी फोन आला त्याच रात्री अहवाल पाठवला, उशिराचे कारण दिले आणि सकाळी स्वतः आबांच्या खाटेशी जाऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलले. मुलाचा राग तेथेच निम्मा ओसरला, असे त्यानेच सांगितले. उरलेला ओसरण्यास माहितीपत्रकावरचा नोंदणी क्रमांक उपयोगी पडला. जून 2009 पासून भारतातील प्रत्येक औषधचाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीत करणे बंधनकारक आहे. मुलाने मोबाइलवर तो क्रमांक शोधला, चाचणी खरी आहे, परवानगी घेतलेली आहे आणि रुग्णालयाचे नाव यादीत आहे हे त्याने स्वतः पाहिले.

पहिला प्रश्न कार्यकारणाचा होता. त्याचे उत्तर तुलनेने सरळ निघाले. निष्क्रिय लसीमुळे येणारा ताप बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत येतो आणि ओसरतो. आबांना त्या दिवसांत ताप नव्हताच, हे नातीच्या नोंदींवरून सिद्ध होत होते. डेंगीचा डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण 4 ते 10 दिवस जातात, म्हणजे संसर्ग टोचणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात झाला. एनएस1 हे डेंगीच्या विषाणूचे प्रथिन आहे, ते फ्लूच्या लसीतून येऊ शकत नाही. त्याच आळीत आणखी दोन घरांत डेंगी निघाला होता. 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीनंतर दिसलेल्या गियान-बारे सिंड्रोमसारखे, स्नायूंतील शक्ती जाण्याचे लक्षण नाही ना, हेही तज्ज्ञ सदस्यांनी विचारून घेतले, ते नव्हते. आजाराचा लसीशी संबंध नाही, असा एकमताचा निर्णय झाला.

दुसरा प्रश्न मुलाने आग्रहाने मांडला: वडिलांना नेमकी कोणती लस दिली ते आत्ताच सांगा. तातडीच्या प्रसंगी हे गुपित उघडण्याची सोय प्रत्येक अशा चाचणीत असते, पण ते कळल्याने उपचारात फरक पडणार असेल तरच ती वापरतात. डेंगीचा उपचार दोन्ही लसींनंतर तोच राहणार होता, म्हणून आम्ही नकार दिला. मला हा नकार योग्य वाटतो, पण तो फोनवर एका ओळीत देण्याजोगा नव्हता; त्यासाठी डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून पाऊण तास खर्च केला.

तिसरा प्रश्न बिलाचा, आणि त्यावर आमची सर्वाधिक वादावादी झाली. नियम असा आहे की स्वयंसेवकाला इजा किंवा आजार झाल्यास आवश्यक असेल तोपर्यंत, किंवा त्याचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत मोफत उपचार द्यायचे. मग संबंध नाही हे सिद्ध कधी झाले? कंपनीच्या प्रतिनिधीचे म्हणणे होते की एनएस1चा अहवाल दाखल झाल्याच दिवशी आला, म्हणजे त्यांची जबाबदारी तेथेच संपली. हे म्हणणे कागदोपत्री टिकण्याजोगे होते. परंतु डेंगी आहे हे कळणे आणि आजारात लसीचा काही वाटा नाही हे ठरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट ठरवण्यासाठीच तर संशोधक व कंपनी यांनी 14 दिवसांत विश्लेषण द्यायचे आणि कमिटीने 30 दिवसांत मत द्यायचे, अशी तरतूद आहे. तो विचार पूर्ण होईपर्यंत शंकेचा फायदा स्वयंसेवकाला मिळाला पाहिजे, अशी बाजू मी मांडली. आमच्यातील एका डॉक्टर सदस्यांनी याला विरोध केला. असंबंधित आजाराचे बिल भरले तर पुढच्या चाचणीत लोक औषधपाण्याच्या सोयीसाठी नाव नोंदवतील, आणि ते प्रलोभनच ठरेल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. गरिबाच्या बाबतीत मोफत उपचार आणि प्रलोभन यांच्यातील रेषा फार पुसट असते. शेवटी बहुमताने ठरले की दाखल होण्यापासून घरी सोडेपर्यंतचा खर्च कंपनीने द्यावा, आणि यापुढील माहितीपत्रकात ही मुदत कशी मोजली जाईल ते स्पष्ट लिहावे. कंपनीने कुरकुर न करता पैसे दिले. शेजाऱ्यांचे हातउसने फिटले.

आबांचा निर्णय

घरी आल्यावर मुलाने आबांना चाचणीतून बाहेर पडायला सांगितले. केव्हाही, कारण न देता, बाहेर पडण्याचा हक्क स्वयंसेवकाला असतो आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होऊ द्यायचा नसतो. पण हा हक्क आबांचा आहे, मुलाचा नाही. चेअरमनच्या शब्दाचा दाब जसा आम्ही दोष म्हणून नोंदवला, तसाच पोटच्या मुलाच्या काळजीचा दाबही दाबच असतो, आणि डॉक्टरांनी आबांना पुन्हा एकट्याने भेटून विचारले हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्लेटलेट पूर्ववत झाल्या होत्या, रक्त देण्यास वैद्यकीय हरकत नव्हती; दुसरे रक्त न दिल्यास पहिल्याचा उपयोग राहणार नाही हे सांगितले, पण तेवढ्यासाठी राहिलेच पाहिजे असे नाही, हेही सांगितले. आबांचे उत्तर टिपणात त्यांच्याच शब्दांत आहे: "रक्त देतो. निम्म्यात सोडलं तर पहिलं बी वाया. पण सोसायटीत येणार न्हाई. घरी येऊन घ्या." त्याप्रमाणे ठरल्या दिवशी परिचारिकेने त्यांच्या सोप्यात बसून रक्त घेतले. त्याच गावातील इतर दोघांनी मात्र या घटनेनंतर माघार घेतली. त्यांना कारण विचारले गेले नाही आणि झालेल्या भेटींचे भाडे व रोजाचे पैसे त्यांना पूर्ण मिळाले.

आराखड्यात केलेले बदल लहान, पण कामाचे होते. माहिती सभा आता ग्रामपंचायत किंवा सोसायटीच्या जागेत होत नाहीत. त्या मराठी शाळेच्या पडवीत होतात आणि गावातील कोणी पदाधिकारी प्रास्ताविक करत नाही. आशा सेविकेला स्वयंसेवक जमवण्याच्या कामातून पूर्ण वगळले आहे, कारण ज्या बाईवर गाव औषधपाण्यासाठी विसंबून असते तिच्याही शब्दाला नाही म्हणवत नाही. आठव्यापासून 28व्या दिवसापर्यंत दर तीन दिवसांनी फोन जातो. गावातले डॉक्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना चाचणीची लेखी माहिती दिली जाते, आणि स्वयंसेवकाने परवानगी दिली असेल तरच त्याचे नाव कळवले जाते. ओळखपत्र रोजच्या गोळ्यांच्या डबीत मावेल एवढ्या आकाराचे केले आहे. वारसदाराचा रकाना का आहे, हे डॉक्टरांनी तोंडी समजावल्याची वेगळी नोंद आता सहीपूर्वी केली जाते.

सुधारित माहितीपत्रक मंजूर झाल्यावर गावातील उरलेल्या सर्व स्वयंसेवकांची संमती नव्याने घेण्यात आली. आबांनी दुसऱ्यांदा सही केली, तेव्हा त्यांनी चाचणी संपल्यावर आपल्याला कोणती लस मिळाली होती ते लेखी कळवावे अशी मागणी केली. त्यांच्या एकट्यासाठी ती मान्य करण्याऐवजी कमिटीने सर्वांनाच मराठीत तसे पत्र देण्याची अट घातली. सहा महिन्यांचा पाठपुरावा पूर्ण होऊन माहिती खुली झाल्यानंतर ती पत्रे पाठवायची आहेत, आणि त्यांचा मसुदा आमच्या पुढील बैठकीत तपासला जाईल.